लाँड्रीच्या व्हॅनची चावी

१९९९ सालच्या त्या शनिवारी आखातातल्या आमच्या करामाच्या बिल्डिंगीत एकच बातमी होती: जुलेखाभाभीने नवऱ्याची व्हॅन कलब्याच्या दलदलीत बुडवली. जिन्याच्या तळाशी ऐकली तेव्हा व्हॅन अर्धी बुडाली होती. मी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत टपासकट गेली. बातम्या पसरवण्यात मी कोणाला हार जात नाही, पण ही चुकीची होती. मी त्याच व्हॅनमध्ये होते, आणि ती रुतली तेव्हा स्टिअरिंगवर भाभी नव्हती.

भाभी माझ्या समोरच्या फ्लॅटमधली. माहेर बाणकोट खाडीच्या काठावर, लहानपण चिखलात शिंपल्या वेचण्यात गेलेलं. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये सहा वेळा नापास झाली. दर वेळी आम्ही बायका "पुढच्या वेळी, इन्शाल्ला" म्हणायचो आणि दार लागलं की हसायचो. मी जरा जास्तच. सातव्यांदा पास झाली तेव्हा सगळ्यांना एकेक पेढा, मला दोन. "तुझं तोंड मोठं, शोभना. एकाने बंद होणार नाही."

नवरा याकूबभाई मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. एका लाँड्रीने मोडीत काढलेली व्हॅन त्यांनी आणली आणि दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये खपून तिचं चाकांवरचं घर केलं. प्लायवूडचे दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. बाहेर इस्त्रीच्या शर्टाचं चित्र तसंच राहिलं. "अमेरिकेत याला आरव्ही म्हणतात," असं ते वॉचमनलासुद्धा सांगायचे. भाभीने चावी मागितली की मात्र म्हणायचे, "हे लेडीजचं काम नाही." मग भाभी लायसन्स पर्समध्ये घालून मागे बसायची, डबे सांभाळत.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही कलब्याच्या सहलीला निघालो तेव्हाही तिने चावी मागितली. "यल्ला, चल, बस मागे," एवढंच उत्तर मिळालं.

कलब्याला खाडी, चिखल आणि खारफुटीचं जंगल. भाभी चपला काढून सरळ चिखलात उतरली.

"मॉम, दॅट्स सो ग्रोस," लेक यम्ना म्हणाली.

"तुझी आजी अशीच चालायची," भाभी म्हणाली.

याकूबभाईंनी सावलीसाठी व्हॅन पार झाडांच्या बुंध्यापर्यंत नेली. भाभीने बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवरची ओली रेघ दाखवली. "भरतीचं पाणी इथपर्यंत येतं. आज चौदावीचा चांद, उधाण असणार. गाडी मागे घ्या."

"हे बाणकोट नाही. इथला समुद्र शिस्तीत असतो." याकूबभाई माणगावचे, समुद्राशी त्यांची ओळख बाजारातल्या माशांपुरती.

बिर्याणी झाली, ते पलंगावर आडवे झाले. तासाभराने चाकांभोवती पाणी. त्यांनी उठून रिव्हर्स टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि मागची चाकं आणखी खाली गेली. वाळूत हा माणूस उस्ताद, पण चिखल वेगळा. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत खाली चालली होती.

"खलास," ते म्हणाले.

"उतरा," भाभी म्हणाली. "पलंग सोडवा."

"कुठले पलंग?"

"दोन्ही. फळ्या चाकांमागे घालायच्या."

"जुलेखा, ते मी हाताने बनवलेत."

"म्हणून तर मजबूत असतील."

फळ्या निघाल्या. आम्ही त्या चिखलात दाबून बसवल्या. याकूबभाई पुन्हा दरवाज्याकडे वळले तर भाभी आधीच आत बसलेली. "तुम्ही पुढून ढकला. तुम्ही दाबता, मी सोडते." क्लच इतका हळू सोडला की इंजिनाने नुसता हुंकार दिला. फळ्या कडकडल्या, व्हॅन एक वीत सरली, मग हातभर, मग सरळ कोरड्यावर. याकूबभाई छातीपर्यंत माखलेले. यम्नाने फोटो काढला. "बेस्ट ट्रिप एव्हर," ती म्हणाली.

परतीला मसाफीचे घाट उतरून करामापर्यंत भाभीनेच गाडी चालवली. याकूबभाई मागे, डबे सांभाळत, पलंग नव्हते म्हणून जमिनीवर.

शनिवारी जिन्यातली बातमी घेऊन मी समोरच्या घरी गेले. याकूबभाईंची रजा होती. व्हॅन टपासकट बुडाल्याची बातमी मी सांगितली तर ते एकदम पेपरात घुसले. तेव्हा कळलं. आल्या आल्या खालच्या कॅफेटेरियात चहा पिताना त्यांनीच ती सोडली होती.

"अहो, मित्र विचारत होते चिखल कसला," ते पेपराआडूनच म्हणाले. "काहीतरी सांगायला हवं होतं. आणि जुलेखा, ती चावी दे, गाडी धुवायची आहे."

भाभीने ओढणीच्या टोकाला बांधलेली चावी चाचपली.

"मीच बुडवली असं हवं तर सगळ्या करामाला सांगा. धुवायला बादली देते, चावी नाही."