डांबराची खूण

अजूनही कधी नीरेला जाणं झालं आणि मालगाडी आली, की माझी मान आपोआप खाली जाते. माणसं इंजिनाकडं बघतात, पोरं डबे मोजतात. मी बघते वाघिणीच्या, म्हणजे मालाच्या डब्याच्या, खालच्या कोपऱ्याकडं, चाकाच्या वर, तेलाच्या पेटीजवळ. भावाची नातवंडं हसतात. "आजी, खाली काय पडलंय?" म्हणून विचारतात. मी त्यांना दटावते आणि गाडी जाईपर्यंत बघतच राहते.

आमचे कारभारी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यावरचे. मेंढरांमागं वाढलेले. माझं माहेर आंबवड्याचं. जात एकच, पण आमच्यात मेंढरं आजोबांनीच विकून टाकली होती आणि आम्ही शेतीला लागलो होतो. त्यामुळं मला नांगराचं सगळं कळायचं आणि मेंढरातलं काही म्हणता काही कळायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "नुसती नावाला आपल्यातली." मला राग यायचा, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. किती खरं होतं ते फार पुढं कळलं.

लग्नाच्या आधी एका साथीत त्यांचा निम्मा कळप मेला. उरलेला थोरल्या दिरांनी सांभाळला आणि हे नीरा स्टेशनाच्या रूळ राखणाऱ्या गँगवर लागले. भोरला तेव्हा राजा होता, पण आगगाडी नव्हती. आमच्याकडच्या माणसाला रूळ बघायचा तर नीरेपर्यंत तंगडतोड करावी लागे. मी लग्न होऊन थेट रुळाच्या कडेलाच नांदायला आले. वाड्यावर सासूसासऱ्यांजवळ राहिले ते फक्त हळद उतरेपर्यंत.

हे चावीवाले होते. रूळ स्लीपरवर धरून ठेवणाऱ्या ज्या लोखंडी पाचरा, त्यांना चावी म्हणायचे. रोज उजाडताच खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून हे तीन मैल जायचे आणि दुसऱ्या रुळानं तीन मैल परत यायचे. ठोकलं की घट्ट चावी टणकन बोलते आणि सैल झालेली बद्द वाजते. "मेंढराच्या खोकण्यावरनं दुखणं कळतं, तसंच हाय हे," असं मला ऐटीत सांगायचे. बाकीची गँग पहारींनी रूळ उचलायची आणि टिकावानं स्लीपरखाली खडी ठासायची. मुकादम रुळावर गाल टेकून, एक डोळा मिटून लांबवर बघायचा. कुठं रूळ खचलाय ते त्याला असं निजूनच दिसायचं.

आणि खडी फोडायचो आम्ही बायका. लाइनीच्या कडेला ढीग, ढिगावर आम्ही. साहेबाजवळ एक लोखंडी कडी असायची, खडीचा दगड त्या कडीतून गेला पाहिजे. माझे दगड कधी अडले नाहीत. मी एकूणच कुणापुढं अडणारी बाई नव्हते, तोंडानं तर मुळीच नाही.

ढिगावर बसून आम्हाला सगळ्या वाघिणी ओळखू यायच्या. गुळाच्या ढेपा आणि हळद आणणाऱ्या बंद वाघिणी, बैलांच्या फटीफटींच्या, कोळशाच्या उघड्या. तेलाच्या पेटीतल्या चिंध्या सुकल्या, की चाकाचा दांडा तापून जळका वास सुटायचा. तो वास आमच्यातली एक म्हातारी गार्डाच्या आधी ओळखायची. आमची लाइन अरुंद आणि पुण्याला पुढचे रूळ रुंद, म्हणून आमच्या वाघिणींना पुण्याच्या पुढं वाटच नव्हती. तिथं माल उतरायचा, मोठ्या गाड्यांत चढायचा आणि रिकाम्या वाघिणी मागं फिरायच्या. वर गेलेली वाघीण चार-आठ दिवसांत परत नीरेवरून जाणारच, हे आम्हाला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

लढाई सुरू झाली त्या सुमाराला यांची बदली झाली. मिरजेच्याही पलीकडं, कानडी मुलखात. मला न विचारता हो म्हणून आले आणि जेवताना सहज सांगितलं. मी भरल्या ताटावरून उठले.

"म्या न्हाई येणार त्या परक्या मुलखात. तुमी जावा," मी म्हणाले.

"अगं, चार-सा महिन्यांची तर गोष्ट."

"मग चार-सा महिने एकटं ऱ्हावा. भाकरी थापाया शिकाल."

सासूबाईंना दर दोन महिन्यांनी मीठ-गूळ पोचवायला कुणीतरी हवंच होतं, हे कारण मी पुढं केलं. खरं कारण माझा ताठा. त्यांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा गप्प बसले. निघताना मात्र म्हणाले, "पत्र काय मला लिवता येत न्हाई, आन् दुसऱ्याच्या हातानं बायकोला काय लिवायचं? म्या वाघिणीवर खूण करीन. खूण दिसली की समज, बरा हाय."

त्यांच्या कळपाची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या कुशीत चंद्रकोर. मेंढरांच्या पाठीवर गेरूनं काढायचे. आता तीच खूण लाइनीवरच्या चुन्यानं वाघिणीच्या खालच्या कोपऱ्यात यायला लागली. तिकडच्या स्टेशनात मालगाडी पाण्याला थांबली, की हे बोटानं काढत असणार. आठवड्यातून एखादी यायची, कधी दोन. आली, की ढिगावरच्या बायका ओरडायच्या, "आली गं तुजी सवत!" मी लटकं रागवायचे, आणि त्या दिवशी दोन पाट्या खडी जास्त निघायची. एकटीनं भाकरी खाताना मी त्या खुणेशी भांडायचे. एवढी रेघ ओढता येते तर रजा घेऊन यायला काय होतं, असं तिला विचारायचे. मला त्यांची फार आठवण यायची. तेव्हा कुणाला बोलले नाही, आज लिहायला हरकत नाही.

पावसाळ्यात चुना वाहून जायचा. महिना महिना नुसत्या कोऱ्या वाघिणी. संध्याकाळी मी नदीवर जाऊन बसायचे. नीरेचं पाणी आमच्या भोरकडून येतं, तेवढंच माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं. चार-सहा महिन्यांचं दीड वर्ष झालं होतं. माझा ताठा केव्हाच गळाला होता, पण ते सांगायला माझ्याजवळ उलट जाणारी खूण नव्हती.

मग दसऱ्यानंतर एका दुपारी एक वेगळीच गाडी आली. आम्ही स्टेशनाच्या अलीकडं ढिगावर होतो. गँगनं तिथले स्लीपर बदलायला काढलेले, म्हणून लाल-हिरवी निशाणं लावली होती आणि गाडी बैलाच्या चालीनं चालली होती. उघड्या वाघिणींत रूळच रूळ, स्लीपरांच्या थप्प्या, चाव्यांची पोती. मागं बंद वाघिणी, त्यांच्या दारांत माणसं दाटीनं उभी. आरडाओरडा, इंजिनाची शिट्टी, धूर. बायका ढिगावर उभ्या राहून हात हलवायला लागल्या.

मी माझ्या सवयीनं खाली बघत होते. आणि एका बंद वाघिणीच्या कोपऱ्यात मला ती दिसली. उभी रेघ आणि चंद्रकोर. चुन्याची नव्हे, काळी, जाड, स्लीपरांना लावायच्या डांबराची! मी ओरडले, "अगं बया, डांबर! आता पावसाला भ्यायला नगं!" वाघीण पुढं गेली तरी मी वाकून तिच्या चाकांकडंच बघत होते. वरून कुणीतरी "अगं ए, अगं ए" करत होतं. पण बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही, आणि ढिगावर आम्ही दहाजणी 'अगं ए' होतो.

पाचव्या दिवशी तीच वाघीण रिकामी होऊन परत आली आणि नीरेला बाजूच्या रुळावर उभी राहिली. मी घरून हळदकुंकू नेलं आणि त्या डांबराच्या खुणेला लावलं. माणसाला अक्कल आली म्हणायची, टिकाऊ काम करायला लागला, असं मनात आलं. इतकी खूश मी त्या दीड वर्षात झाले नव्हते.

त्याच आनंदात मीठ-गूळ बांधून वाड्यावर निघाले. सारोळ्यापर्यंत बैलगाडीच्या आधारानं, किकवीला एका ओळखीच्या घरी मुक्काम, आणि पुढं वेल्ह्याचा डोंगर. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सासूबाई कोकराला पाजत बसल्या होत्या.

"आत्याबाई, खूण आली! ह्या टायमाला लई झ्याक आली. डांबरानं काढलीया."

त्यांचा हात थांबला. "कशानं म्हणलीस?"

"डांबरानं. पान्यानं जात न्हाई."

त्यांनी कोकरू खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"पोरी, आपल्यात डांबर कवा लावत्यात, ठाव हाय का तुला?"

मला ठाव नव्हतं.

"घरात ऱ्हाणाऱ्या मेंढराला गेरू. दर साली धुवून जातुया, दर साली आपुन नवा लावतुया. डांबर लावायचं ते कळपातनं जाणाऱ्याला. इकलं, न्हाईतर देवाला सोडलं, की डांबर. म्हंजी त्यो पुना आपल्यात मोजायचा न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "माजं लेकरू कुटं निगालं गं?"

मी दुसऱ्याच दिवशी उतरायला लागले. नीरेला येऊन मुकादमापुढं उभी राहिले. तो बिचारा गोंधळला. त्याला वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे. लढाईसाठी तिकडचा एक फाटा उखडून रूळ, स्लीपर समुद्रापार न्यायचे ठरले होते. तिथं ते परत अंथरायला गँगमधली माणसंही हवी होती. यांनी नाव दिलं.

"त्या दिवशीच्या गाडीत तर हुता की," मुकादम म्हणाला. "म्या गेटाजवळ हुतो, मला हात केला त्यानं. खुणेच्याच वाघिणीत हुता, दारात. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं आसंल."

म्हणजे त्यांनी मला कळवलं होतं. त्यांना येत असलेल्या एकुलत्या एका लिपीत, अगदी स्वच्छ. त्यांच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ते वाचता आलं असतं. मी त्याला हळदकुंकू वाहून आले.

लढाई संपली. त्या तुकडीतले काहीजण परतले, त्यांतल्या एकानं सांगितलं की तिकडं तापात बरीच माणसं गेली, त्यात तुझा चावीवालाही होता. पुढं वय वाढल्यावर रात्रीच्या वर्गात बसून मी अक्षरं शिकले. मास्तरांना वाटायचं, बाईला पोथी वाचायची असेल. मला फक्त पुन्हा काही चुकीचं वाचायचं नव्हतं.

वाघीण मात्र येतच राहिली. तिला पुण्याच्या पुढं वाट नव्हती, ती मागं फिरत होती. कारखान्यात जाऊन रंगवली जाईपर्यंत दोन वर्षं तरी मी तिला पाहिलं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मुकादमानं सांगितलं त्याच्या पुढच्या आठवड्यात ती वाघीण खाली मिरजेकडं जाताना आमच्या ढिगासमोरच उभी राहिली होती. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती. दार उघडं, आत कुणी नाही. मी लुगड्याचा काष्टा खोचला, आकड्याला पाय लावून वर चढले आणि हे उभे असतील तिथं, दाराच्या कडेला धरून उभी राहिले. आत लोखंडाचा आणि विड्यांचा वास होता. मला फक्त बघायचं होतं, तिथून काय दिसतं ते.

सगळं दिसत होतं. नदीकडची झाडं, स्टेशनाचं छप्पर, खडीचा ढीग, ढिगावरच्या बायका, एकेकीचं तोंड ओळखू येईल इतकं जवळ. मी दारात दिसले म्हणून त्या हसून हात हलवायला लागल्या. त्या दिवशीही त्यांनी असाच हात हलवला होता, नऊजणींनी. दहावीचं तोंड यांना दिसलं नसणार. ती खाली बघत होती.