नडगीवरचा खड्डा

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत त्याला सगळे खड्डेवाला म्हणायचे. तो चिडायचा नाही, कारण कामच तसं होतं. पडद्यावरच्या आईने बाळाचा गाल दाबला की तो किती आत जाईल, बोटाच्या कडेला कातडी किती फुगेल, बोट उचलल्यावर किती वेळात सारखी होईल, हे सगळं तो बसवायचा. हे चुकलं की माणसं रबरी बाहुल्या दिसतात आणि जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी शेजारच्या टेबलावर केसांचं काम करायचो, म्हणून आमच्या कोपऱ्याला ‘पार्लर’ असं नाव पडलं होतं.

घरी तो आणि त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई एकोणीसच्या. गणवेश शिवायच्या कारखान्यात त्या कापड बेतायच्या. त्यागमूर्ती वगैरे मुळीच नव्हत्या, जिभेला कात्रीइतकीच धार. भावाच्या नोकरीला त्या ‘चिमटे काढायचं खातं’ म्हणत. पण त्याने केलेला प्रत्येक सिनेमा थिएटरात जाऊन बघत, आणि शेवटची नावं संपेपर्यंत उठत नसत.

एका सिनेमात नात आजीचे पाय चेपते, असा प्रसंग होता. त्याला म्हातारा पाय हवा होता. इंटरनेटवरचे नमुने त्याला पटेनात. शेवटी एका रविवारी पन्नाशी ओलांडलेल्या ताई बाजारातून आल्या तशी त्याने त्यांना खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, मोबाइल स्टँडवर लावला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच. हातावर दाबलं की क्षणात सारखं व्हायचं. पायावर मात्र वीस मोजून झाले तरी खळगा दिसत होता.

“ताई, हे वर का येत नाही गं?”

“वय झालं. तुझंही होईल.”

“बरं, मग हलू नकोस.”

त्याने अठरा वेळा दाबून अठरा क्लिपा काढल्या.

सोमवारी त्याने मला त्या दाखवल्या. “अरे, मळलेल्या कणकेसारखं दिसतंय!” मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो. मीही हसलो, हे सांगायलाच हवं. त्याने तो खड्डा जसाच्या तसा आजीच्या पायावर उतरवला. दिग्दर्शक खुर्चीतून उठून म्हणाला, “हे म्हातारपण! याला म्हणतात म्हातारपण!”

सात महिन्यांनी सिनेमा तयार झाला. एका दुपारी घरच्या माणसांसाठी खेळ ठेवला होता. ताई आल्या नाहीत. हल्ली थकवा येतो, म्हणाल्या. खेळ संपल्यावर तो आणि मी चहा घेत असताना आमच्या संकलकाची आई त्याच्याशी बोलायला आली. तीस वर्षं वॉर्डात नर्स होती ती.

“छान झालंय हो. फक्त त्या आजीला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही?”

“का बरं?”

“पायात पाणी झालंय ना तिच्या. दाबलेलं असं राहतं ते वयाने नाही, दुखण्याने. हृदय तरी नाहीतर किडनी तरी.” बाई थट्टेतच बोलली होती. त्याने कप खाली ठेवला आणि सरळ बाहेर पडला. त्याची बॅग मी घरी पोचवली.

ताईंच्या दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, सूज कधीपासून? ताई म्हणाल्या, “असतील दोन-तीन महिने.” तो मध्येच तारीख बोलला. ती क्लिपांच्या नावातच होती. डॉक्टरांनी ती लिहून घेतली. तेव्हाच आणलं असतं तर औषधांवर बरीच वर्षं निघाली असती, एवढं म्हणून त्यांनी डायलिसिसचा कागद पुढे सरकवला.

दिग्दर्शकाला त्याने तो प्रसंग बदलू द्या म्हणून विनवलं. “वेडा आहेस का? सिनेमातला सगळ्यात खरा शॉट आहे तो,” दिग्दर्शक म्हणाला. कारण सांगायला याची जीभ रेटली नाही.

ताईंना मात्र त्याने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“खड्ड्याचं सोड,” त्या म्हणाल्या. “तू काही डॉक्टर नाहीस. पण त्या दिवशी दोन जिने चढून मला धाप लागली होती. आणि तू म्हणालास, श्वास हळू घे, पाय हलतोय.”

त्याला हे आठवत नव्हतं. त्याने क्लिपा आवाज मोठा करून ऐकल्या. चौथ्या क्लिपेत ते वाक्य होतं.

मग त्याने किडनी द्यायचं ठरवलं. तपासण्या झाल्या आणि जुळलीही. डॉक्टर खूश होते. ताईंनी नकार दिला. काका-मामा समजवायला आले, मीही गेलो.

“तुला हलकं वाटावं म्हणून मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही,” त्या सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या. सही केली नाही ती नाहीच.

सिनेमा चालला. त्याला बढती मिळाली. आठवड्यातून तीनदा तो ताईंना इस्पितळात सोडतो आणि चार तासांनी आणायला जातो.

मागच्या महिन्यात माझी गाडी बंद होती, म्हणून त्याच्याबरोबर निघालो. वाटेत इस्पितळातून ताईंना घ्यायचं होतं. त्या येताना दिसल्या तसा मी उतरून पुढची जागा मोकळी केली.

“बसा हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी मागेच बसते. नेहमी तिथेच बसते.”

त्याने आरसा जरा खाली केला, त्या दिसाव्यात म्हणून. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सिग्नल सुटला तरी तो गाडी काढेना. मागून हॉर्न वाजायला लागले.

“माझ्याकडे काय बघतोस?” ताई म्हणाल्या. “चल, लोक खोळंबलेत.”