दोन बोटं सैल

टेलरमामांनी आयुष्यात कुणाला घट्ट कपडा शिवून दिला नाही. माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालायचीच, मग गिऱ्हाईक कितीही फिटिंग फिटिंग करो. "माणूस जेवतो, बसतो, श्वास घेतो, ते कपड्याला कळायला नको?" चाळीस वर्षं हेच.

साथ आली त्याच आठवड्यात मामा दुकानाच्या पायरीवरून पडले आणि घोटा मोडला. तोही उजवा, मशीनचं पायडल मारणारा! ऑपरेशन झालं, प्लेट बसली आणि तिसऱ्याच दिवशी घरी पाठवलं, कारण वॉर्ड साथीच्या पेशंटना हवा होता. शेजारचे मास्तर साध्या खोकल्याने तिथे गेले ते परत आलेच नाहीत. मामांनी ठरवून टाकलं, पाय गेला तरी चालेल, त्या दारात पुन्हा जायचं नाही.

"पाय गेला तर चालाल कसे, ते सांगा आधी," मामी म्हणाल्या.

सर्जनबाई तरुण होत्या. दर सोमवारी व्हिडिओ कॉलवर यायच्या, नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, नुसते डोळे दिसायचे. पायाला हात लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी मामांना काम दिलं, रोज पोटरीचा घेर मोजायचा. घेर वाढला म्हणजे आत शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि ती सुटून छातीत गेली तर माणूस हातचा जातो.

"डॉक्टर, मापाचं माझ्यावर सोडा!" मामा एकदम खूश.

पहिला आठवडा त्यांनी स्वतः मोजलं. साडेचौदा इंच. वाकून वाकून कंबर धरली, मग मामी मोजायला लागल्या. तरी साडेचौदाच. बाई म्हणाल्या, "वा मामा, सुतभरही फरक नाही." हॉस्पिटलमधून एका मुलीचा फोन आला, फोनवरच्या उपचारांना पाचपैकी किती द्याल? मामांनी ठणकावून पाच दिले.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मामी कपडे वाळत घालत होत्या. पोटरी सकाळपासून ठणकत होती, म्हणून मामांनी स्वतःच टेप गुंडाळली. पावणेसोळा. पुन्हा घेतली. पावणेसोळाच!

"अहो, असं कसं? सकाळीच मोजलंय मी, साडेचौदा."

"बोटं घातली होतीस आत?"

"बोटं कशाला घालू? पायाला काय पँट शिवायचीय?"

मामांनी टेप पुन्हा गुंडाळली, या वेळी बोटं न घालता. साडेचौदा. पहिल्या आठवड्यातलं त्यांचं साडेचौदा सैल होतं, मामींचं घट्ट. आकडा तोच राहिला आणि पोटरी मात्र त्या हातबदलात सव्वा इंच सुजून बसली होती.

सांगितलं तर हॉस्पिटल. नाही सांगितलं तर निदान घरात तरी. मामींनी फोन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"डॉक्टर, माझं माप चुकलं." हे वाक्य त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात निघालं नव्हतं. सगळं ऐकून बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "मामा, आत्ताच्या आत्ता निघा. पाय चोळू नका, अजिबात."

सोनोग्राफीत गाठ दिसली. इंजेक्शनं सुरू झाली. मामींना गेटवरूनच परत पाठवलं.

संध्याकाळी बाई आल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांनी मामांच्या पोटरीला हात लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"कसं मोजता, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पाचपैकी किती, हे मलाही विचारलं होतं, मामा. मीही पाचच दिले."

"तुम्ही शिंपी थोड्याच आहात." मामा हसायला गेले, पण जमलं नाही. "वाचेन ना?"

"वेळेत आलात. वाचाल."

"आणि पायडल?"

"ते आज नाही सांगता येणार."

मामांनी मान हलवली. मग फोन बाईंच्या हातात दिला. "घरी तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं बोलवणार नाही."

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मामींनी उचलला.