पंचफुला वहिनी दिसल्या ती जागा

आनंदराव गजभिये माझा पस्तीस वर्षांचा मित्र, आणि या पस्तीस वर्षांत त्यानं मला एकही भूत सुखानं सांगू दिलेलं नाही. भिलाईच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो, मी क्रेनवर आणि तो भट्टीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात. डब्याच्या वेळी मी खुर्सीपारच्या रुळांवर उभ्या राहणाऱ्या हिरव्या लुगड्यातल्या बाईची गोष्ट काढली की हा घास खाली ठेवायचा. किती फुटांवरून पाहिलीस, उजेड कशाचा होता, तेव्हा तुला चष्मा होता का? झाली गोष्टीची माती. त्याच्या घरी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. पिंड नाही, कावळा नाही, अंगात येणं नाही. मी पितृपक्षात वडिलांच्या नावानं छपरावर पान ठेवलं की तो खालून विचारणार, काकाजींना कढी आवडली का. राग यायचा, पण तो सुट्टीवर असला की मला डबा गोड लागत नसे.

निवृत्तीनंतर आम्ही वैशाली नगरात एकाच गल्लीत घरं बांधली. मी अंगणात आंबा लावला, त्यानं खोलीत कॉम्प्युटर लावला. त्याची मुलगी खुशबू अहिवाऱ्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिनं बापाला एक फुकटचा प्रोग्राम टाकून दिला. त्यात चित्र काढायचं नसतं, शोधायचं असतं. एवढंसं एक सूत्र. त्यात पडद्यावरच्या एका ठिपक्याचा आकडा घाला, येईल ते उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला, असं हजार वेळा. आकडा फुगत पळाला तर किती लवकर पळाला त्यावरून त्या ठिपक्याला रंग द्यायचा, नाही पळाला तर काळा. असे लाखो ठिपके मिळून एक किनारा उमटतो, आणि त्याचा कुठलाही कोपरा मोठा करा, आत आणखी वेली, आणखी भोवरे, त्यांच्याही आत पुन्हा तसलाच चिमुकला किनारा. याला फ्रॅक्टल म्हणतात, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. रंग मात्र तो स्वतः निवडायचा, आणि तिथं त्याचा हात दिसायचा. तापत्या लोखंडाचे सगळे रंग त्याला ठाऊक: गर्द लाल, मग नारिंगी, मग तो पिवळा, ज्याकडे काळ्या काचेशिवाय बघू नये. खुशबूच्या शाळेत त्याची चौदा चित्रं लागली आहेत. लोकांना ती रांगोळी वाटते आणि याचं डोकं फिरतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, आमच्या पंचफुला वहिनी, गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि सहाव्या दिवशी घरी आणलं ते खांद्यावरून नेण्यासाठीच. खांदा देणाऱ्यांत मी होतो. आनंदराव रडला नाही. भंतेंच्या मागून त्रिशरण-पंचशील म्हटलं, आलेल्यांना खुर्च्या दिल्या, कोणाला पाणी मिळालं नाही ते बघितलं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवसापासून तो पडद्यासमोर. मला ते आवडलं नव्हतं. माणसानं रडावं, असं माझं मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो माझ्या दारात आला. डांबर पातळ झालेलं आणि याच्या पायात चप्पल नाही.

"पंचफुला दिसली," तो म्हणाला. "चाल लवकर."

वाटेत त्यानं सांगितलं की चित्राचा एक कोपरा मोठा करता करता कपाळ आलं, अंबाडा आला आणि ती डावीकडे जराशी कललेली मान, जी त्या दुसऱ्याचं ऐकताना कलवायच्या. आम्ही पोचलो तर वीज गेलेली. पडदा काळा. तो म्हणाला, काही हरकत नाही, त्या जागेचे आकडे लिहून ठेवलेत. आणि मी, मूर्खानं, तोंड उघडलं.

"पस्तीस वर्षं मले छळलं," मी म्हटलं, "आता तुयाच घरी भूत निघालं का?"

त्यानं आकड्यांची वही मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. ते आठवलं की मला अजून लाज वाटते.

वीज आली, आकडे घातले, वहिनी नव्हत्या. वहीत लिहिलं होतं उणे ०.७४३६ आणि ०.१३१८. भट्टीची रीडिंगं लिहिण्यात जन्म गेलेला हात तो. तिथली रीत अशी की चार आकडे लिहा, पुढचे सोडा. पुढच्यांनी लोखंडाला काही फरक पडत नाही. पण पडद्यावर पंधरा आकडे होते, आणि इथं पाचवा चुकला की गाव चुकलं, सहावा चुकला की गल्ली. सवयीनं तो चारवर थांबला होता. मग त्यानं शोध मांडला. चार महिने, सकाळी चहा झाला की बसायचा ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दाढी वाढली, जेवण निम्म्यावर आलं. रंगांचं नावसुद्धा काढेना.

मी एकदा समजूत काढायला म्हटलं, वहिनी भेटून गेल्या असं धर. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

"भूत आपल्याकडे येते, भैयालाल," तो म्हणाला. "हे येत नाई. हे आकड्यात बसून आहे, आपण गेलो तरच दिसते. पंचफुला जन्मली नव्हती तवाबी ते तिथंच होतं, अन् मी मेल्यावरबी ते तिथंच राहीन."

"मंग खरं आहे का ते?"

"जागा खरी आहे. ती तिथं आहे का, तेच पाहून राहिलो."

त्यावर मी पुष्कळ विचार केला. मी रुळांवर पाहिलं तेही काहीतरी होतंच. कापड असेल, धूर असेल. त्याला बाई मी म्हटलं. दिसलेलं कुणाच्या नावावर लावायचं, एवढाच काय तो प्रश्न, आणि ते नाव आपण घरूनच घेऊन निघालेले असतो. हे मी त्याला बोललो नाही. उपाशी माणसाला कुठं शहाणपण सांगायचं.

त्यानं मुलीला यातलं काही कळू दिलं नव्हतं, संकोचानं. शेवटी मीच सांगितलं. रविवारी खुशबू आली, तिनं कॉम्प्युटरमध्ये दहा मिनिटं शोधाशोध केली आणि हाक मारली. प्रोग्राम पाहिलेली प्रत्येक जागा आपणहून लिहून ठेवत होता.

"बाबा, पूरे पंद्रह अंक हैं," ती म्हणाली. "तारीख पण तीच आहे, देखो."

आनंदराव उठला आणि आत गेला. बाहेर आला तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून, केस विंचरून.

चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं भरत आलं. तोच लाल, तोच नारिंगी. पूर्ण झालं तेव्हा पडद्यावर एक भोवरा होता, त्याला लागून वेलीची वळणं, वर थोडा पिवळा. मी कपाळ शोधलं, अंबाडा शोधला. खुशबू चित्राऐवजी बापाकडे बघत होती.

"तुले दिसते?" त्यानं मला विचारलं.

"दिसते," मी म्हटलं. "मान डावीकडे कललेली."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढं वाकून पाहिलं, मागं रेलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जागा हेच आहे," तो म्हणाला. "आकडे तेच, रंग तेच. मले नाई दिसत."

मग त्यानं हात मांडीवर ठेवले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. दारात येऊन निरोप सांगणाऱ्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"पंचफुला गेली, भैयालाल."

खुशबूनं बापाचं डोकं पोटाशी धरलं आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असा. मी त्याच्याजवळ बसलो. वहिनींना खांदा मीच दिला होता, तरी बातमी आत्ताच कानावर आल्यासारखा मी त्याच्याकडे वळलो.

"कवा?" मी विचारलं.

आणि त्यानं पहिल्या तापापासून सगळं सांगितलं.