डॉक्टरांच्या ताटातला रशिया

चालत्या पंगतीत अख्खा देश रसातळाला नेणारा माणूस लंडनच्या स्टॅनमोर भागात एकच: आमच्या ओळखीचे एक निवृत्त हाडांचे डॉक्टर. निवृत्तीनंतर त्यांना शेवटच्या झारांच्या काळातल्या कडव्या उजव्या विचारांचा इतिहास वाचायचा नाद लागला आणि तो त्यांनी पुस्तकांत न ठेवता ताटात आणला. घर कुणाचंही असो, भाताची मूद म्हणजे झार, भोवतीचं वरण म्हणजे प्रजा. "सुरुवातीचे लोक साधे होते हो," ते चमचा उगारून सांगत. "म्हणायचे, झार आणि प्रजा एकजीव आहेत, मधली नोकरशाही तेवढी नको." नोकरशाही म्हणजे मुदीवरचं थिजलेलं तूप, ते बाजूला व्हायचं. पुढची पिढी धास्तावलेली: काही बदलू नका, ताट हलवू नका. मग क्रांतीची धग लागली, तेव्हा त्याच विचाराने पक्ष काढले, वर्तमानपत्रं काढली, झाराहून अधिक झारनिष्ठ होऊन मंत्र्यांनाच दटावलं. "आणि तरीही बिघडतंय म्हटल्यावर दोष कुणाचा? परक्याचा!" ज्यूंवरच्या हल्ल्यांपाशी त्यांचा आवाज उतरायचा आणि परक्यांच्या जागी ठेवलेली कोशिंबीर ताटाबाहेर जायची. एकदा ती यजमानीणबाईंच्या पैठणीवर गेली. "डॉक्टर, रशिया पुरे, मठ्ठा घ्या," बाई म्हणाल्या.

त्यांची नात एडिनबराला इतिहास शिकते. ही गोडी तिला त्यांनीच लावली. तिला आपला अभिमान वाटतो, यावर डॉक्टरांचं म्हातारपण उभं होतं.

गेल्या दिवाळीत नात आली होती, तेव्हा आम्ही काही जण त्यांच्याकडे जेवायला होतो. जवळच्या बंद हॉटेलात सरकार निर्वासितांना ठेवणार, असा विषय निघाला. "आपण परीक्षा देऊन, रीतसर व्हिसा काढून आलो," डॉक्टर म्हणाले. "या लोकांमुळे एरियाचं वाटोळं होणार." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आजोबा, ही तर लास्ट स्टेज झाली," नात म्हणाली. "कोशिंबीर बाहेर काढू?"

एक पाहुणे सावरायला गेले. "अगं, ते वेगळं, हे वेगळं."

डॉक्टरांनीच त्यांना हाताने थांबवलं. "वेगळं नाही. इतकी वर्षं वाचतोय, आणि माझ्याच तोंडून निघालं तेव्हा मला ओळखू आलं नाही." त्यानंतर टेबलावर कुणाचीही मान वर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते नातीला किंग्ज क्रॉस स्टेशनवर सोडायला गेले. नंतर मला म्हणाले, "ट्रेन लागेपर्यंत माझा हात धरून होती. ख्रिसमसला येशील ना, हे विचारायचा मला धीर होईना. शेवटी तीच म्हणाली, येते. मी तेव्हाही खालीच बघत होतो हो."