बॉनेटवरचं तोंड

यंदाच्या उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत मला माणसांचा जेवढा वीट आला, तेवढा अख्ख्या वकिलीत आला नव्हता. आणि अमरावतीच्या कोर्टात मी काय काय पाहिलेलं नाही! पण जुन्या टर्बो गाडीचे पार्ट शोधायला निघालेल्या माणसाला जो तो ज्या तऱ्हेनं सोलायला बसलेला असतो, ते पाहून मला अक्षरशः शिसारी आली.

गाडी जपानी आहे. दारं चार, पण स्वभावानं पक्की स्पोर्ट्स कार. नागपूरच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं घेतली, कंबरदुखीमुळे विकायला काढली, आणि प्लॉटसाठी ठेवलेल्या पैशातून मी ती उचलली. बायकोनं त्या प्लॉटचा विषय अजून सोडलेला नाही. या गाडीच्या बॉनेटवर मधोमध उंचवटा आहे आणि त्याला पुढून रुंद भोक आहे. टर्बो म्हणजे एक प्रकारचा पंपच, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला त्या भोकाखाली एक जाळी बसवलेली असते. बाहेरचा वारा भोकातून येतो आणि जाळीतून खाली जातो. एवढं कळलं तरी पुरे.

त्या भोकावरून लोकांनी काय कमी टोमणे मारले? शेजारी म्हणाले, "वकीलसाहेब, एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता." साडू म्हणाला, "भोक पडलेली हाये म्हणून स्वस्तात भेटली असंन." गाडीच्या बाजूनं होती ती एकटी माझी आई. पहिल्यांदा अकोल्याला घेऊन गेलो तेव्हा तिनं गाडीभोवती चक्कर मारली, हळद-कुंकू लावलं, आणि त्या भोकात वाकून पाहत म्हणाली, "हिचं तोंड असं उघडंच राह्यते काय रे? भूक लागत असंन बिचारीले."

आई अकोल्यात एकटी राहते आणि अमरावतीला यायचं नाव काढत नाही. म्हणून दर शनिवारी मी जातो आणि रविवारी संध्याकाळी परततो. पूर्वी निघताना ती माझ्या तोंडात काहीतरी गोड घालायची. गाडी येण्याआधीच माझ्या डॉक्टरांनी मला शुगर सांगितली, तेव्हापासून मी ते बंद केलं. "नाही म्हटलं ना एकदा!" असं दोन-तीनदा खेकसलो, मग तिनं विचारणंच सोडलं. टर्बोची गाडी सुरू केल्याबरोबर पळवायची नसते, इंजिन जरा गरम होऊ द्यावं लागतं. म्हणून गाडी सुरू ठेवून मी आत जातो, पिशव्या आणतो, मागच्या दाराची कडी पाहतो. तेवढा वेळ आई गाडीपाशी उभी असते.

तर या उन्हाळ्यात गाडीची ओढ गेली, जोरात पळायची ताकदच संपली. दर्यापूरचं एक लग्न आटोपून आम्ही दोघं परत येत होतो. पुढे टँकर होता. मी ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली, पाय तळाला टेकवला, आणि इंजिन नुसतं कण्हलं. समोरून ट्रॅव्हल्सची बस दिवे मारत अंगावर आली. कसाबसा मी टँकरच्या मागे परत घुसलो. वलगावपाशी बायको म्हणाली, "दसऱ्यापर्यंत ही नीट करा, नाही तर त्या धामणगाववाल्याले देऊन टाका. मले विधवा व्हायची हौस नाही."

धामणगाव रेल्वेचा हा माणूस नवरदेवांना मिरवायला गाड्या भाड्यानं देतो. दोन वर्षांपासून तो माझ्या गाडीवर डोळा ठेवून होता. घरी आला, सोफ्यावर मांडी घालून बसला, आणि माझ्यासमोर माझ्याच गाडीची चिरफाड करायला लागला. "वरून टप कापू साहेब. नवरदेव उभा निघन तलवार घेऊन. अन् या भोकातून रंगीत धूर सोडू. गुलाबी." गुलाबी! मी त्याला चहा पाजला याचं मला आजही वाईट वाटतं. पण बायकोचं चुकत नव्हतं. गाडीची ओढ परत आली तर गाडी माझी, नाही तर तिच्या नाकातोंडातून गुलाबी धूर, इतकं ते सरळ होतं.

आधी बडनेरा रोडवरच्या ट्यूनिंगवाल्याकडे गेलो. काचेचं ऑफिस, आत एसी, आणि दारात अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट घातलेला मालक. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. पहिला प्रश्न विचारला, "फटाके पाहिजे का साहेब? अ‍ॅक्सिलरेटर सोडला का मागून धाड् धाड्." मी म्हटलं, मला आवाज नको, ओढ पाहिजे. तर म्हणतो, "आवाज आला का ओढ वाटतेच ना." मग लॅपटॉप जोडून म्हणाला, स्टेज टू करू, सायलेन्सर काढू, मोठा टर्बो टाकू, पुढे निळा लाइट देतो फ्री. गाडी आजारी आहे, तिला हा दागिने चढवायला निघाला होता. वर मी निघताना म्हणतो, "अंकल, विचार करा." डोकंच उठलं माझं.

अकोल्याच्या भंगार बाजारात तर वेगळीच तऱ्हा. टर्बो आहे का विचारल्यावर दुकानदारानं तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सरकवला आणि म्हणाला, "कोनता पाहिजे? ट्रकचा हाये, ट्रॅक्टरचा हाये, बोअरच्या गाडीचा हाये." ग्रीस माखलेला, कोहळ्याएवढा एक गोळा त्यानं माझ्या पायाशी आदळला. मी म्हटलं, भाऊ, हा माझ्या गाडीत बसणार कसा? "बॉनेट कापा ना. अर्धं तं कापलेलंच हाये." असं म्हणून त्यानं माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर पिंक टाकली. माफी नाही, काही नाही.

मग या गाडीच्या मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलो. सगळे पुण्या-बेंगळुरूचे. मी लक्षणं लिहिली, तर पहिलं उत्तर आलं, "तुमच्याकडे तिकडे चांगलं पेट्रोल मिळतं का हो?" जसं काही आम्ही अमरावतीत टाकीत रॉकेल ओतून राहिलो! त्यानंतर कोणाचा टर्बो किती दाब देतो यावर त्यांचं आपसातच जुंपलं आणि माझा प्रश्न वाहून गेला. शेवटी एकानं दिल्लीचा एक विक्रेता सुचवला. "जेन्युइन माणूस आहे." त्याच्याकडून टर्बो मागवला, पार्सल आलं. ओरिजिनल म्हणून पाठवलेल्या पार्टवर चकचकीत स्टिकर होतं, नखानं ओढलं तर खाली दुसरं स्टिकर, आणि त्याच्याखाली गंज. परत पाठवतो म्हटलं तर विक्रेत्यानं मला ब्लॉक केलं. ज्यानं नाव सुचवलं होतं त्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "ब्रो, रिस्क तर असतेच." माझी पोरगी लग्नाला आली आहे, आणि मी याचा ब्रो!

याच सुमारास गाडीत वास यायला लागला. एसी लावला की जळकट, गोडसर वास. तीन मेकॅनिकांना दाखवलं, त्यांचं यावर मात्र एकमत झालं. "कूलंट गळते साहेब, इंजिन थंड करायचं पाणी. त्याचा वास गोडच असते." एकानं होज पाइप बदलले, दुसऱ्यानं रेडिएटर, तिसऱ्यानं पाण्याचा पंप. वास तसाच राहिला. यातल्या एकाही महाभागानं नाक खाली नेऊन वास नेमका कुठून येतो ते हुंगलं नाही. सगळ्यांना नवा पार्ट टाकायची घाई.

दसरा तोंडावर आला. धामणगाववाल्याचं रविवारी बाळापूरला काम होतं, जाता जाता अकोल्याहून गाडी घेऊन जातो म्हणाला. मी हो म्हटलं. थकलो होतो. शनिवारी आईकडे पोचलो तेव्हा ती भाजी निवडत होती. गाडी विकतोय म्हटल्यावर तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मेथीची पानं खुडायला लागली.

विकायची असली तरी गाडी अशी घाणेरडी द्यायची नाही म्हणून अंगणात बादली घेऊन बसलो. बॉनेट उघडलं. भोकाखालच्या जाळीवर, वारा येण्यापुरतं मधे मोकळं असलेलं, काळं प्लास्टिकचं झाकण असतं, चार स्क्रू लावलेलं. इतक्या लोकांनी गाडीत हात घातला, पण ते झाकण कोणी काढलं नव्हतं. मीही नाही. म्हटलं, जाता जाता हेही पुसून टाकू.

झाकण उचललं आणि तो वास भपकन तोंडावर आला. मी बादलीवर धडपडलो. जाळीवर बोटभर जाडीचा काळपट, चिकट थर बसला होता. काही भाग जळून कडक झालेला, काही अजून ओला आणि बुळबुळीत. त्यात मुंग्या चिकटून मेलेल्या. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, तीळ. कोपऱ्यात चिंध्या ओढून आणलेलं उंदराचं घरटं आणि लेंड्यांची रास. शेजारची बोटाएवढी रबरी नळी, जिच्यावर टर्बोचा सगळा हिशेब चालतो, ती त्या उंदरानं कुरतडून अर्धी केलेली. टर्बोची हवा त्या कुरतडलेल्या नळीतून फुसफुस निघून जात होती आणि मी इकडे दिल्लीहून टर्बो मागवत होतो. मला ओकारी आली. खरंच आली, तुळशीमागे जाऊन मी थुंकून आलो.

आणि मग माझं तोंड सुटलं. "कोन्या भैताडाचं काम हाये हे! गाडी हाये का उकिरडा? हात तोडून ठेवले पाहिजे असल्यांचे!" ट्यूनिंगवाला, भंगारवाला, तिन्ही मेकॅनिक, सगळ्यांचा मी मोठमोठ्यानं उद्धार केला. शेजारच्या गच्चीवर दोन डोकी वर आली.

आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. वाकून आत पाहिलं.

"हे तं माहे पेढे हायेत रे," ती म्हणाली.

मला काही समजेना. ती बोटानं एकेक दाखवायला लागली. "दर रविवारी एक पेढा. तू पिशव्या आणाले गेला का हिच्या तोंडात घालत होती मी. दसऱ्याले झेंडूचं फूल अन् अक्षता, संक्रांतीले तीळगूळ. गाडी घेतली तवापासून."

"आई," मी म्हटलं, "ते तोंड नाही. नाक हाये ते. तिथून श्वास घेते ती."

तिनं पदर तोंडाला लावला. मग पुढे होऊन बॉनेटच्या काठावर हात ठेवला आणि गाडीशीच बोलायला लागली. "माय माय माय! सहा वर्षं नाकात कोंबून राह्यली ना मी तुह्या! जीव गुदमरला असंन. बोलली काहून नाही वं तू?"

एरवी मी हसलो असतो. त्या वेळी हसू आलं नाही. मी विचारलं, "पण गाडीले कायले पेढा, आई?"

"मंग कोनाले देऊ?" तिनं साधेपणानं विचारलं. "तू तं खात नाहीस. निघतांनी कोनाच्या तं तोंडात गोड पडलं पाहिजे. अन् पोचवते तं तुले तीच."

उद्धार करायला अजून बरीच माणसं शिल्लक होती. पण मी खाली बसलो आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं जाळी खरडायला लागलो. आई गरम पाणी आणून ओतत होती. थर मऊ व्हायचा, पुन्हा तो वास उठायचा, आम्ही दोघंही तोंड फिरवायचो. संध्याकाळपर्यंत जाळीतून पलीकडचं दिसायला लागलं. नळीसाठी कृषी केंद्रात गेलो. कपाशीवर फवारायच्या पंपाची नळी असते, ती बरोबर त्या मापाची निघाली. दुकानदारानं कोणत्या पंपाला पाहिजे म्हणून विचारलं, मी पैसे ठेवून निघालो.

रविवारी सकाळी आईला शेजारी बसवून बाळापूरच्या रस्त्याला लागलो. मोकळा रस्ता आला तसा पाय दाबला. गाडीनं आम्हाला मागे रेटत अशी उसळी घेतली की आईनं दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली. "हळू रे!" ती ओरडली, आणि मग म्हणाली, "सुटलं वाट्टे नाक."

धामणगाववाला दुपारी आला. गाडी देत नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं, मग भोकाकडे पाहून म्हणाला, "तरी बी धूर मस्त निघाला असता." चहा मी या वेळी विचारला नाही.

संध्याकाळी निघायच्या वेळी गाडी सुरू केली. पिशव्या आधीच ठेवल्या होत्या, त्यामुळे आत जायचं काही कारण नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. आईनं पुढच्या चाकाला कुंकू लावलं. दुसऱ्या हातात पेढा होता. सवयीनं तिचा हात भोकाकडे गेला आणि मध्येच थांबला. तिनं पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग आता हा?" तिनं विचारलं.

भर गल्लीत, गच्चीवरची दोन डोकी पाहत असताना, मी तोंड उघडलं.

पेढा भिकार होता. कोपऱ्यावरच्या दुकानातला असणार, खवा नावाला, नुसती साखर, आणि टाळूला चिकटणारा डालडा. त्या दुकानदाराला एकदा चार लोकांत सुनावलं पाहिजे. असले पेढे सहा वर्षं नाकात घेऊन गाडी मला घरी पोचवत राहिली. मी तो पूर्ण खाल्ला.