जेवणाच्या टेबलावरचा नियम

कॉलेजात त्यांना तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठ वळली की 'डिक्शनरी'. सरांना ते ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं. इंग्रजी भाषेचा इतिहास हा तसा रुक्ष विषय. पण सर शिकवायला लागले की मागच्या बाकावरचे उनाडसुद्धा कान टवकारत. समुद्रापलीकडून होड्यांतून आलेल्या टोळ्या, मग उत्तरेकडचे लुटारू, जे लुटायला आले आणि सोयरे होऊन राहिले. आणि सगळ्यात आवडीचा भाग म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या सरदाराने देश जिंकला, तो काळ.

"दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंचचा थाट," सर सांगत. "इंग्रजी बोलायचे कोण? मेंढपाळ, धोबिणी, स्वयंपाकघरातल्या बाया. म्हणून मेंढी रानात चरते तोवर इंग्रजी 'शीप' आणि साहेबाच्या ताटात पडली की फ्रेंचमधून आलेलं 'मटन'. पण शेवटी दरबारातली भाषा गेली, चुलीजवळची टिकली. कारण आया लेकरांशी तीच बोलत होत्या."

इथे वर्ग शांत व्हायचा. सर खडू ठेवून हात झटकायचे आणि तृप्त मनाने घरी यायचे.

घरी त्यांचा एक नियम होता. जेवणाच्या टेबलावर फक्त इंग्रजी. मुलगा-मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी तो काढला; पोरांचं भलं व्हावं, एवढाच हेतू. त्यांच्या बायकोने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या काकूंनी, सुरुवातीला प्रयत्न केला. एकदा भाजी वाढता वाढता त्यांनी एक वाक्य जुळवलं. ते वाटेतच कोलमडलं. मुलं फिदीफिदी हसली, सरही हसले आणि सवयीने वाक्य दुरुस्त करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून काकूंचं ताट आत, ओट्याजवळच्या स्टुलाशी गेलं.

"गरम गरम वाढायला बरं पडतं," त्या म्हणाल्या. सरांना ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.

मुलं टेबलाबाहेरही फाडफाड इंग्रजीच बोलू लागली, शिकली, दूर गेली. सर निवृत्त झाले. नियम पाळायला टेबलावर कुणी उरलंच नाही. तरी काकूंचं ताट काही बाहेर आलं नाही.

रविवारी मुलीचा फोन येतो. सरांशी ती भरभरून बोलते, मग सर फोन आत नेऊन देतात.

"जेवलीस का गं?"

"येस, आई. यू?"

"हो. तब्येत बरी ना?"

"फाइन, आई."

"बरं. यांच्याकडे देते हं."

एका रविवारी सर म्हणाले, "अगं, इतक्यात दिलास?"

"काय बोलू? तिला माझं कळतं, पण उत्तर द्यायला मराठी शब्द सापडत नाहीत. माझं इंग्रजीत तेच. मग दोघी तब्येतीवरच भागवतो."

सर जरा घुटमळले. "आज बाहेर बस ना जेवायला. आता कोण आहे इथे?"

"अहो, सवय गेली. तुम्ही बसा, मी वाढते."

सर बसले नाहीत. ताट घेऊन आत आले. दुसरं स्टूल नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. ते ओट्याला टेकून उभे राहिले.

"उभ्याने काय जेवता? लग्नातले पाहुणे आहात का?"

"तुला ती फ्रेंच दरबाराची गोष्ट कधी सांगितलीच नाही मी."

"पाठ आहे मला. खोलीत येरझाऱ्या घालत तालीम करायचात ना? भाजी चिरता चिरता ऐकायचे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

काकूंनी डाव पातेल्यात ठेवला. आवाजात राग नव्हता.

"आया लेकरांशी बोलत होत्या म्हणून ती टिकली, असं म्हणायचात. दर वर्षी मला वाटायचं, आज घरी येताना तुमच्या लक्षात येईल."

सरांनी घास ताटात परत ठेवला.

"भाजी घ्या अजून," काकू म्हणाल्या.

"थोडी."

दुसऱ्या दिवशी सरांनी टेबलाची एक खुर्ची ओढत आत आणली. ती ओट्यापाशी नीट मावत नाही, येता-जाता काकूंच्या पायाला लागते. त्या कुरकुरतात, पण हलवत नाहीत. रविवारी सर त्या खुर्चीत बसतात आणि फोन आधी काकूंना देतात.

"जेवलीस का गं?"

"येस, आई."

पलीकडे मुलगी थांबते. इकडे काकूही थांबतात. सर खाली मान घालून त्या दोघींचं गप्प राहणं ऐकत बसतात.